बंद पिशवीचा वास

सातार्डेकर काका दुकानात बंद पिशवीचा वास घेतात. उघड्या पोत्यातल्या मिरचीचा नाही, काउंटरवरच्या नमुन्याचाही नाही. सील केलेल्या पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीचा. लालबागच्या मसाला गल्लीत एकदा मी त्यांच्यासोबत होतो. त्यांनी मालवणी मसाल्याची पिशवी नाकाला लावली, डोळे मिटले आणि तोंड असं केलं की दुकानदार घाबरला.

"काका, जुना नाही हो! कालच कुटलाय. फोडून देऊ का?"

"फोडून कोणीही घेईल! बंद पिशवीतून मला वास येतोय, हाच तुमचा गुन्हा आहे. वास बाहेर येतो म्हणजे हवा आत जाते. पिशवी नाही, चाळण आहे ही!"

मागे गिऱ्हाइकं खोळंबली होती. मी त्यांच्याबरोबर नाहीच, असं दाखवत शेजारच्या दुकानातली हळकुंडं निरखू लागलो. याचं मला अजून वाईट वाटतं. हळकुंडंही घेतली नाहीत.

काका करी रोडला आमच्याच मजल्यावर राहतात. चाळ पाडून टॉवर झाला, त्यात शेजार तेवढा जुना राहिला. प्लास्टिकच्या एका कंपनीत ते संशोधक होते. नोकरीतून निवृत्त झाले, रागातून नाही. वेफर्स मऊ निघाले की राग. फरसाण खवट लागलं की राग. एकदा लिफ्टमध्ये वरच्या मजल्यावरच्या नव्या सुनेला म्हणाले, "तुमच्या पिशवीत सुके बोंबील आहेत, हे मला कळायला नको होतं." ती बिचारी ओशाळून "सॉरी काका" म्हणाली.

"तू कशाला सॉरी? पिशवी बनवणाऱ्याने म्हणावं!"

या सगळ्यावर त्यांच्याकडे एकच औषध होतं : माती. पारदर्शक प्लास्टिकमध्ये माती घालायची आणि तरी ते पारदर्शक ठेवायचं. आयुष्याची उमेदीची वर्षं त्यांनी यातच घालवली.

"माती घातल्यावर गढूळ नाही होणार?" असं मी एकदा विचारलं. विचारायला नको होतं.

"गढूळ कधी होईल? गुठळ्या राहिल्या तर! ही माती म्हणजे चिरोटा. पापुद्र्यावर पापुद्रा. एकेक सुटा केला, तर केसाच्या जाडीत हजारो मावतील. उजेडाला पत्तासुद्धा लागत नाही. पण ही बाई पाण्याची भोक्ती आणि प्लास्टिक तेलाच्या घराण्यातलं. जमेल कसं? म्हणून आधी पापुद्र्यांच्या मध्ये साबणासारखं रसायन घालून तिचा स्वभाव बदलायचा. मग ती मिसळते."

"आणि हवा कशी अडते?"

"आपल्या चाळीची गॅलरी आठव. इथे पिंप, तिथे सायकल, पुढे पाटणकरांची खाट. सरळ कोणाला चालता यायचं? तशी हवा आत शिरते आणि वळसे घेत बसते."

मला हे इतकं पटलं की पुढच्या आठवड्यात मी परळच्या गणपतीच्या कारखान्यातून शाडूचा गोळा मागून आणला आणि काकांना नेऊन दिला. हेतू मदतीचाच होता. थोडा गंमत बघण्याचाही होता, नाही म्हणत नाही. काका अतिशय चिडले की थेट मालवणीत उतरतात.

"ह्या काय हाडलंस, मेल्या? शाडू? ह्याचो गणपती कर आणि त्याच्याकडे बुद्धी माग!"

कंपनीने ते काम शेवटी गुंडाळलं. वरच्या साहेबांनी विचारलं होतं म्हणे, "साध्या पिशवीबद्दल आजवर कोणी तक्रार केली आहे का?"

"मी करतोय ना!" काका ओरडले होते. ती तक्रार कोणी धरली नाही. हे सांगताना त्यांचा आवाज आजही सबंध मजल्यावर ऐकू जातो, आणि खरं सांगायचं तर आता माझंही डोकं तापतं. माणसाने एवढं केलं आणि यांनी ते कपाटात टाकलं!

यंदा मे महिन्यात आमच्या घरी मसाला कुटून आला. हिने त्यातला थोडा पिशवीत भरून काकांकडे पाठवला. काकू गेल्यापासून त्यांच्याकडे मसाला करणारं कोणी नाही. मी बेल वाजवायच्या आतच दार उघडलं.

"वास दारातून आला! चाळण! आत ये मधू, पिशवी कशाला म्हणतात ते तुला दाखवतो."

त्यांनी कपाटातून एक छोटी पिशवी काढून माझ्या हातात दिली. काचेसारखी स्वच्छ. आत लालभडक मसाला. प्रयोगाच्या शेवटच्या रोलचा तुकडा, कडा घरीच इस्त्रीने चिकटवलेल्या.

मी नाकाला लावली. काहीच नाही.

"येतोय?"

"नाही."

"नाहीच येणार!" काका सुखावले.

मसाला हातात आला की पुडी उघडून चिमूट जिभेवर ठेवायची, ही आमच्याकडची सवय. माझी बोटं आपसूक कडेवर गेली.

"फोडू नको!"

ते ओरडले नव्हते. म्हणूनच मी थबकलो.

"तुझ्या काकूने कुटून घेतलेला आहे. शेवटचा."

काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "मग स्टीलच्या डब्यात ठेवायचा ना काका, तिथे आणखी..."

"डब्यात दिसतो काय रे?"

त्यांनी पिशवी माझ्या हातातून घेतली, उजेडाकडे धरली, मग स्वतःच्या नाकाला लावली. बराच वेळ. त्यांना हवं होतं तेच झालं होतं. पिशवीतून काही म्हणजे काही बाहेर येत नव्हतं.

"मधू," ते हळू म्हणाले. या वेळी राग नव्हता, तरी बोलणं मालवणीत उतरलं होतं. "आत आसतलो ना रे वास?"

"असणार, काका."

"असणार म्हणजे काय? संशोधनात असणार-बिसणार चालत नाही." त्यांनी सदऱ्याच्या बाहीने पिशवी पुसली, कपाटात ठेवली, आणि दार लावता लावता पुन्हा उघडून माझ्याकडे वळले. "पुन्हा एकदा म्हण."

"असणार, काका."