पेंढ्यातले पाहुणे

हमरापूरच्या महिपतीने चहाच्या टपरीवर चारचौघांत सांगून टाकलं होतं, की येत्या रविवारनंतर माझ्या घरात औषधालासुद्धा कोळी सापडायचा नाही, सापडला तर मिशी उतरवीन! मिशी त्याला मुळात शोभत नव्हती, त्यामुळे या पैजेत गावाचं काहीच जाणार नव्हतं. महिपतीचं मात्र बरंच जाणार होतं, कारण खरा प्रश्न मिशीचा नव्हता, बायकोचा होता.

त्याची बायको सरू गणपतीच्या डोळ्यांची आखणी करायची. मूर्ती साच्यातून काढणं, घासणं, रंगवणं सगळं महिपतीला यायचं, पण डोळे काढावेत ते सरूनेच. पनवेलचा व्यापारी त्यांचा माल उचलायचा तो त्या डोळ्यांवर भाळून. तर आषाढातल्या एका दुपारी सरू मोठ्या मूर्तीच्या उजव्या डोळ्याची शेवटची रेघ ओढत असताना वाशावरून तळहाताएवढा कोळी टपकन तिच्या मनगटावर पडला. सरू किंचाळली, हात उडाला, आणि बाप्पाचा डोळा थेट कानापर्यंत गेला.

इथे महिपतीने गप्प बसायला हवं होतं. तो हसला. वर, बाप्पा कोळ्याकडे डोळे वटारून बघतायत, असंही म्हणाला. सरूने कुंचला धुऊन ठेवला आणि पिशवी भरली.

"ह्या घरात एक तर ते ऱ्हातील, नायतर मी," एवढं बोलून तिने पेणहून रोह्याची गाडी धरली आणि माहेर गाठलं.

मागे उरले महिपती आणि कारखानाभर बिनडोळ्यांचे गणपती. नारळी पौर्णिमेआधी व्यापाऱ्याचा टेम्पो यायचा होता. महिपतीने एका लहान मूर्तीवर स्वतः हात चालवून पाहिला, तर त्या बाप्पालाच आत्ता कोळी दिसलाय असं वाटायला लागलं. त्याने मुकाट्याने त्यावर पांढरा रंग फासला आणि कोळ्यांचा बंदोबस्त हाती घेतला.

शेजारच्या चंद्रावतीवहिनींनी पुदिन्याचं तेल सुचवलं. ते शिंपडल्यावर घराला पानाच्या टपरीचा वास येऊ लागला, पण कोळी जागचे हलले नाहीत. मग त्याने कोपऱ्याकोपऱ्यात लिंबाच्या साली ठेवल्या. त्यातली एक साल पसंत करून एक कोळी तिच्यावरच बिऱ्हाड करून बसला. शेवटी महिपतीचं लक्ष मूर्ती रंगवायच्या कॉम्प्रेसरकडे गेलं. स्प्रे गनमध्ये रंग न भरता नुसती हवा मारली तर?

नाकाला रुमाल बांधून त्याने माळ्यापासून सुरुवात केली. कोळिष्टकं उडाली, कॅलेंडर उडालं, वहिनींचं वाळत घातलेलं पातळ कुंपणापलीकडे गेलं, आणि कोळी पाय पोटाशी घेऊन पडवीकडे रवाना झाले. पडवीत मूर्ती बांधायच्या पेंढ्याचा ढीग होता. सगळी मंडळी त्यात सुखरूप उतरली. महिपतीला ते दिसलं नाही, तो तेव्हा मिशीला पीळ भरत होता.

घर साफ झाल्याचं त्याने फोनवर सांगितलं, तर सरू फक्त "बघू" म्हणाली. तिच्या "बघू"चा अर्थ "नाही" असतो हे त्याला ठाऊक होतं, म्हणून त्याने एक युक्ती काढली. सासरचा गणपती दरवर्षी त्याच्याच कारखान्यातून जायचा. यंदा तो बिनडोळ्यांचाच न्यायचा. माहेरच्या बाप्पाला डोळे काढायला सरूने एकदा कुंचला धरला, की तिला बाकीचे आठवल्याशिवाय राहणार नाहीत. मूर्ती पडवीतल्या पेंढ्यात मऊ बसवून महिपती खोकं घेऊन रोह्याला पोचला.

सासूबाई म्हणजे इंदुबाई कोळ्याच्या बाबतीत लेकीच्या वरताण. त्या, सरू आणि मेहुणा निलेश खोक्याभोवती बसले. महिपतीने टोपी काढून बाजूला ठेवली आणि आपला पराक्रम सविस्तर सांगितला. आता घरात एक कोळी उरला नाही, असं म्हणत त्याने पेंढा सारला, तर आतून दोन केसाळ पाय बाहेर आले. मागोमाग बाकीचे सहा. पोटाखाली अंड्यांची पांढरी चकती धरलेली लेकुरवाळी होती ती! महिपतीने झटकन टोपी तिच्यावर उपडी घातली आणि वर हात दाबून बसला.

जेवायला बोलावलं तरी उठेना. गुडघा धरला म्हणाला. निलेशने तेल आणलं, इंदुबाईंनी ताट तिथेच पाठवलं. महिपती एका हाताने जेवत होता, पण सरूने वालाचं बिरडं वाढलं आणि दुसरा हात कधी ताटाकडे गेला ते त्याला कळलंच नाही. टोपी हलली, आणि ती बया चकतीसकट कपाटामागे गेली. महिपतीचा गुडघा तत्काळ बरा झाला आणि त्याने पहिली गाडी पकडली. घरी येताच त्याने पडवीतला पेंढा पाहुण्यांसकट घरामागच्या परड्यात नेऊन पेटवला.

त्यानंतर फोन वाजला की तो दचकायचा. फोन काही आला नाही, एका सकाळी सरूच दारात उभी राहिली. रोह्याच्या घरात पिल्लं फुटली होती, भिंती नुसत्या चालत होत्या म्हणे. महिपतीने चेहरा जमेल तितका दुःखी केला. मग सरूच्या मागून आणखी एक पिशवी आत आली, आणि पिशवीमागून इंदुबाई.

"तुमच्याकडं एक पन नाय म्हनता ना, जावई? मंग मी आता हितंच."

सरूने कुंचला धरला, तशा इंदुबाई पाट घेऊन तिच्या शेजारी बसल्या. डावा बारीक झाला गो, उजवा हसत नाय गो, असं त्यांचं दिवसभर चाले. सरू पुसायची, पुन्हा काढायची, पुन्हा पुसायची. संध्याकाळपर्यंत एका बाप्पाला धड दोन डोळे मिळेनात. रोह्याचं घर साफ करायला निलेशला कंपनीच्या शिफ्टमधून सवड होत नव्हती, आणि टेम्पो उद्यावर आला.

दुपारी इंदुबाई जरा लवंडल्या तशी सरू महिपतीजवळ आली.

"अहो, हवा मारताना एखादा चुकून ऱ्हायला असंल ना?"

"एक पन नाय. तुला शब्द दिलाय."

"शब्द ठेवा बाजूला. रोह्याला टोपीखाली दडवला होता, तसला एक बघा. आईच्या उशाशी सोडा, ती शेजारी वहिनींकडं पळंल. मी डोळे मिटून घेते."

महिपतीचं तोंड उघडंच राहिलं. म्हणजे हिने तेव्हाच बघितलं होतं, आणि एवढी भित्री बाई नवऱ्याची फजिती होऊ नये म्हणून ओठ दाबून बिरडं वाढत राहिली होती! त्याला ती एकदम फार आवडली. तो तडक शिडीवर चढला. माळा पाहिला, वासे पाहिले, देव्हाऱ्यामागे हात घातला, नव्या पेंढ्याची काडी न् काडी सोडवली.

"गो सरू," आतून इंदुबाई जाग्या झाल्या, "सकाळचा तो डोळा परत काढ बरं."

महिपती धुळीने माखून शिडीवरून खाली आला आणि बायकोसमोर मान खाली घालून उभा राहिला. टपरीवर बोलला होता ते अक्षरशः खरं झालं होतं. घरात औषधालासुद्धा कोळी नव्हता.