खिल्लारेमामांचा कंट्रोल

आमच्या ताडकळसात माणूस भेटला की 'जेवलात का?' असं विचारतात. खिल्लारेमामा विचारायचे, "काय जेवलात? किती वाजता?" आणि उत्तर देईपर्यंत आपलं बोट त्यांच्या मुठीत गेलेलं असायचं. खिशातून शुगर मोजायचं यंत्र निघायचं, नवी सुई टुचकन लागायची आणि मामा आकडा वहीत उतरवायचे.

मामा परभणीला ज्वारीच्या संशोधन केंद्रात मदतनीस होते. नोकरीभर त्यांनी धाटांची उंची मोजली, कणसातले दाणे मोजले. रिटायर होऊन गावी आल्यावर मोजायला ज्वारी उरली नाही, म्हणून माणसं धरली. केंद्रातून येताना ते एक शब्द मात्र पक्का घेऊन आले होते : कंट्रोल.

"एका वाफ्याला औषध मारायचं, शेजारच्याला मारायचं न्हाई, त्यो कंट्रोल. न्हाईतर गुण औषधाचा का पावसाचा, कसं कळावं?"

हा न्याय ते गावभर लावत. सोपान न्हाव्याच्या जुळ्या पोरांना खोकला झाला. त्यांची आई काढा घेऊन आली, तर मामा दारात आडवे. "एकालाच पाज. दुसरा कंट्रोल!" तिनं लाटणं उगारलं. मामांनी वहीत नोंद केली : 'कुटुंबाचं सहकार्य न्हाई.'

मग त्यांनी मोठाच प्रयोग काढला. भाकरीनं शुगर किती चढते आणि चपातीनं किती? सोपान आणि त्याची म्हातारी आई भाकरीवर. मी शेजारचा मास्तर, धडधाकट. "सर, तुमी चपाती खायची. तुमी कंट्रोल. बाकी तुमी काहीच करायचं न्हाई." काहीच न करण्यासाठी मला इतक्या मानानं कुणी कधी नेमलं नव्हतं. रोज संध्याकाळी मामा ओट्यावर येत, टोचत, आणि मग क्रिकेटपासून शेणखतापर्यंत कशावरून तरी आमचं भांडण होई.

तिसऱ्या आठवड्यात आकडा बघून मामांनी यंत्र पुसलं. दुसऱ्या बोटाला टोचलं. पुन्हा बघितलं.

"सर, लय तहान लागायलीय का?"

"लागतेय. उन्हाळा आहे."

त्यांनी वही मिटली. आकडा लिहिलाच नाही.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं त्यांनी मला परभणीला नेलं. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "मधुमेह आहे. वेळेत आलात."

मामा हात जोडून उभे राहिले. "साहेब, मी यांना प्रयोगासाठी चपात्या खायला लावल्या. माझ्यामुळं झालं का हे?"

"तीन आठवड्यांच्या चपात्यांनी नाही होत, काका. आधीपासूनच असणार. तुम्ही टोचलं म्हणून कळलं."

मामांना ते पटलं नसावं. परतीच्या एसटीत ते खिडकीबाहेर बघत बसले. मी म्हटलं, "मामा, आता दुसरा कंट्रोल बघा. पोस्टमन आहे की."

"न्हाई करायचा प्रयोग."

"का हो?"

त्यांनी खिशातलं यंत्र चाचपलं. मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, "पोरं पुण्याला. मंडळी जाऊन सहा वर्सं झाली. सांजच्याला कुणाच्या ओट्यावर जायचं तर हातात कायतरी काम दिसाया नको का, सर? नुसतं कसं जावं?"

ताडकळस आलं. उतरताना मी म्हटलं, "उद्या नुसते या."

ते आले. शेजारी बसले. पहिला अर्धा तास दोघांनाही काय बोलावं ते सुचेना.