पेंढ्यातले सरवदे

सव्वीस डिसेंबर उजाडला की आमचे सरवदे डोक्यापासून गुडघ्यापर्यंत पेंढा गुंडाळून लोकांच्या दारात नाचायला यायचे. पेंढा सशांच्या पिंजऱ्यात घालतात तो, दुकानातून आणलेला. माणूस पन्नाशीचा, इंजिनिअर आणि पूर्ण शुद्धीत!

हे खूळ आयर्लंडचं. तिथल्या एका खेड्यात सरवदे काही वर्षं नोकरीला होते. ऐन हिवाळ्यात तिथले लोक म्हणे असंच तोंड झाकून, आवाज बदलून घरोघर जातात. घरच्यांनी ओळखायचं, मग पेंढा उतरवायचा आणि खायला बसायचं. सरवदे बजावायचे, "ओळखल्याशिवाय उतरवायचा नाही. नियम म्हणजे नियम!"

आता नेदरलँड्समधल्या आमच्या बेस्ट नावाच्या गावात पेंढा गुंडाळणारी माणसं असून असून किती असणार? त्यात स्वारी स्वतःच्याच पिवळ्या सायकलवरून यायची. मी दार उघडताच म्हणायचो, "या सरवदे!" पेंढा फणकारायचा, "अहो, जरा विचार तरी करा!"

कोरोनातला दुसरा डिसेंबर आला. पुन्हा सगळं बंद, ऑफिस घरूनच. सरवदे एकटे राहायचे. मला त्यांची दया आली. मी त्यांना वगळून गल्लीतल्या मराठी घरांचा ग्रुप काढला आणि फर्मान सोडलं, यंदा कुणीही ओळखायचं नाही. होऊ दे बिचाऱ्याची हौस!

सव्वीसला दुपारी बेल वाजली. पेंढा दोन मीटर मागे सरकून उभा. चिरक्या आवाजात गाणं झालं, गिरकी झाली.

"कोण बाई हे?" माझी बायको मंजू म्हणाली. "जोशी?"

पेंढ्याची मान नाही म्हणून हलली.

"समोरचा यान?" मी विचारलं. हा आमचा डच शेजारी त्याच्या खिडकीतून आमच्याकडेच बघत होता, गेमेंटेला, म्हणजे इथल्या नगरपालिकेला, फोन करावा की काय अशा चेहऱ्याने.

"मग हरलो बुवा!" मी हसू दाबत म्हणालो.

पेंढ्याच्या आतून सरवदेंचा नेहमीचा आवाज आला.

"आज सगळ्याच घरचे हरले हो. घ्या ना नाव. किती दिवसांत कुणी हाक मारली नाहीये मला."

माझं हसू जागच्या जागी विरलं. मी अनवाणीच बाहेर आलो आणि यानलाही ऐकू जाईल असा ओरडलो, "सरवदे! अहो सरवदे!"

त्यांनी पेंढ्याची टोपी काढली. आत निळा मास्क होताच. त्याच्या वरचे डोळे पुसत म्हणाले,

"बरोब्बर ओळखलंत."