शंभर वेळा लुकलुकणारा टीव्ही

जळगावच्या पाटबंधारे कचेरीतले अभिमनराव पाटील त्या दिवशी दुकानात शिरले, ते फक्त मिक्सरचं भांडं दुरुस्त झालं का विचारायला. बाहेर पडले तेव्हा त्यांना कळून चुकलं होतं, की आपण गेली कित्येक वर्षं एका लुकलुकत्या टीव्हीपुढे बसून डोळ्यांचं वाटोळं करून घेतोय.

"साधा टीव्ही सेकंदाला पन्नास वेळा लुकलुकतो साहेब," दुकानदार म्हणाला होता. "हा नवा, शंभर हर्ट्झचा. शंभर वेळा."

"म्हणजे दुप्पट लुकलुकतो?"

"इतका भराभर, की लुकलुकणं कळतच नाही! आठ दिवस घरी वापरून बघा. नाही पटला तर परत आणा."

त्या संध्याकाळपासून अभिमनरावांना सगळीकडे लुकलुक दिसू लागली. आधी घरच्या टीव्हीत, मग ट्यूबलाइटमध्ये, शेवटी कचेरीतल्या साहेबांच्या चेहऱ्यावरसुद्धा (पण तो रागावण्याचा परिणाम असावा). नुकतेच एरिअर्स हातात आले होते आणि बायकोनं, कुंदानं, त्यातून दळणासाठी घरघंटी घ्यायचं पक्कं केलं होतं. हातगाडीवरून घरी आला तो टीव्ही.

"बघ आता! दिसतोय फरक?"

"दिसतोय ना," कुंदा म्हणाली. "घरघंटी दिसत नाहीये."

अभिमनरावांनी मनावर घेतलं. एरवी संध्याकाळी आल्यापासून कचेरीतल्या भानगडी सांगून बायकोचे कान किटवणारा हा माणूस आता टीव्हीपुढे तोंडातून शब्द न काढता बसू लागला. मधूनच एकटाच म्हणे, "व्वा! काय स्थिर आहे!" त्यानं पोटभर समाधान होईना, म्हणून रविवारी त्यांनी भरताचा बेत केला आणि धरणगावहून सासरे लोटनआबा, शेजारचे गादीवाले नासीरभाई, दोघांनाही जेवायला बोलावलं. यावलकडची हिरवी वांगी मागच्या अंगणात कपाशीच्या काड्यांवर भाजली जात होती आणि पुढच्या खोलीत टीव्हीचं कौतुक.

आबांनी टोपी काढली, टीव्हीकडे बराच वेळ पाहिलं आणि टोपी पुन्हा घातली.

"माले ते बठ्ठं सारखंच दिखस, जवाईबापू."

"सारखं? अहो आबा, जमीन-अस्मानाचा फरक आहे!"

"मंग तुमले डोळा झाकीसन बी कळी."

डोळे झाकून नव्हे, पण तसंच काहीतरी ठरलं. जुना टीव्ही अजून माडीवर होताच. नासीरभाईंनी दुकानातून दोन कोऱ्या रजया आणल्या. दोन्ही टीव्ही शेजारी शेजारी ठेवून वर रजया अशा पांघरायच्या, की नुसती काच दिसावी. केबल दोन्हींना जोडायची. अभिमनरावांनी नवा ओळखला, तर आबा धरणगावला तसलाच घेणार. नाही ओळखला, तर टीव्ही दुकानात परत आणि घरघंटी घरात.

अभिमनराव बाहेर ओट्यावर जाऊन उभे राहिले. आत ढकलाढकल झाली. "आ जाव, अभिमनभाऊ!" नासीरभाईंनी हाक मारली.

अभिमनराव आले. मांडी घालून बसले. एक डोळा मिटून पाहिलं, मग दुसरा. उठून जवळ गेले, मागे सरले. शेवटी डावीकडे बोट दाखवून म्हणाले, "हा! लोण्यासारखं चित्र आहे."

"और ये?"

"त्याच्याकडे बघवतच नाही. हे बघा, डोळ्यांना पाणी आलं." (पाणी आलं होतं, पण ते आतून येणाऱ्या मिरच्यांच्या खकाण्यानं.)

नासीरभाईंनी रजई ओढली. डावीकडचा जुना होता.

आबा हसता हसता भिंतीला टेकले. नासीरभाईंनी अभिमनभाऊंचा मान राखायचा म्हणून तोंडावर रजई धरली. रजई हलत होती. इतक्यात स्वयंपाकघरातून कुंदाचा आवाज आला. ती दाराशी स्टोव्हपाशी बसून कळण्याच्या पुऱ्या तळत होती, नजर तेलात.

"अहो, तो अलीकडचा टीव्ही बंद करा आधी! डोळ्याच्या कोपऱ्यात केव्हाची फडफड चाललीय."

अलीकडचा म्हणजे डावा. म्हणजे जुना.

रजया पुन्हा पडल्या, टीव्ही पुन्हा हलले.

"कुंदा, आता?" आबांनी विचारलं.

"आता पलीकडचा फडफडतोय," कुंदा मान न वळवता म्हणाली आणि पुरी उलटली.

पुन्हा बदलले. पुन्हा बरोबर. एकदा तर नासीरभाईंनी हुशारी करून टीव्ही जागचे हलवलेच नाहीत, नुसताच आवाज केला. तेही तिनं ओळखलं.

"बघा!" अभिमनराव उड्या मारायचे बाकी राहिले. "मी म्हणत होतो, फरक आहे!"

"फरक शे, जवाईबापू," आबा म्हणाले. "पन तुमले दिखस नही."

शब्दाप्रमाणे टीव्ही परत जायला हवा होता. अभिमनरावांनी मुकाट्यानं खोकं ओढलं. कुंदा हात पुसत बाहेर आली.

"राहू द्या तो. या आठवड्यात संध्याकाळी माझं डोकं दुखलं नाही एकदाही."

"लुकलुक नाही ना, म्हणून!"

"ते आत्ता कळलं. मला वाटलं होतं, तुम्ही गप्प बसता म्हणून."

त्या रविवारचं कुणी विचारलं, तर भरीत फार झणझणीत झालं होतं, एवढंच अभिमनराव नंतर सांगत. पण त्या दिवसापासून त्यांना शास्त्र कळलं. शंभर हर्ट्झची मजा समोर बघून येत नाही, डोळ्याच्या कोपऱ्यातून येते. पुढच्या रविवारी कचेरीतले साहेब मुद्दाम टीव्ही बघायला आले. अभिमनरावांनी त्यांना टीव्हीकडे कूस करून, भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर खुर्ची दिली, हातात चहा दिला आणि टीव्ही लावून विचारलं, "कसं वाटतंय चित्र, साहेब? नाही, नाही, वळायचं नाही!"

साहेबांनी निम्मा चहा तसाच ठेवला. कप द्यायच्या निमित्तानं ते स्वयंपाकघराच्या दाराशी गेले आणि हळूच म्हणाले, "वहिनी, पाटलांचं हे असं कधीपासून?"

"टीव्ही आल्यापासून," कुंदा म्हणाली.