नमुन्यादाखल क्रिस्पुलो

"पहिल्या पानावर सगळ्यात मोठं बटण आमचं," बिलं विभागाच्या रोवेनाने खुर्चीत बसायच्या आधीच सांगून टाकलं. "आम्ही आहोत म्हणून गावाला पाणी मिळतंय."

"पाणी मिळतं ते पंपामुळे," पंपघराचा देल्फिन म्हणाला. "तुमच्यामुळे फक्त तोंडचं पळतं."

टेबलाच्या टोकाला लुझविमिंडा देमाइसिप शांतपणे बसली होती. सान रोकेच्या पाणीपुरवठा मंडळात तिची बरीच वर्षं गेली होती, पण अध्यक्षपद तिला पहिल्यांदाच मिळालं होतं. मंडळाच्या कर्मचाऱ्यांसाठी जे अंतर्गत संकेतस्थळ होतं, ते नव्याने कसं बांधायचं याचा आराखडा करणाऱ्या समितीची ती अध्यक्ष होती. ही बातमी तिने नवऱ्याला सांगितली, रविवारी चर्चमध्ये पाद्र्याला सांगितली आणि व्हँकूवरच्या बहिणीला फोन करून तर दोनदा सांगितली. "म्हणजे नक्की काय करायचं असतं?" असं बहिणीने विचारलं तेव्हा लुझ म्हणाली, "ते कळायला समितीच लागते." आणि पहिल्या बैठकीसाठी तिने नवा ब्लाउज शिवून घेतला.

जुन्या संकेतस्थळाची अवस्था मोठी करुण होती. त्याच्या पहिल्या पानावर कुठल्याशा जुन्या नाताळच्या शुभेच्छा तशाच लटकत होत्या. सान रोकेत नाताळ सप्टेंबरातच सुरू होतो, त्यामुळे त्या शिळ्या झाल्यात हे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. लोक तिथे जायचे ते फक्त पगाराची पावती बघायला, आणि तीही बघून लगेच बाहेर पडायचे. पाहुण्याच्या घरी पाण्याचा ग्लास ठेवून उठावं, तसे.

बैठक दुपारच्या खाण्यापर्यंत चालली आणि बटणांपलीकडे गेली नाही. भांडार विभागालाही मोठं बटण हवं होतं. शेवटी केळ्यांची भजी आली आणि त्यांच्या वासावर जनरल मॅनेजर एव्हारिस्तो पालोमारही आले.

पालोमार साहेब मनाने सज्जन होते. ते कशालाच नाही म्हणत नसत. अडचण एवढीच होती की ते कशाला होही म्हणत नसत. त्यांच्या खोलीत गेलेली फाइल समुद्रात गेलेल्या नदीसारखी असायची, परत येताना कोणी पाहिली नव्हती. सकाळी ते कधी येतील हेही देवालाच ठाऊक.

"आराखडा छान आहे, मानांग लुझ," ते भजं खात म्हणाले; मंडळात सगळेच तिला मानांग, म्हणजे ताई, म्हणत. "पण कागदावर मला काही उमगत नाही. नमुना करून दाखवा. मग सही करू."

नमुना करायचं काम संगणक विभागाच्या आर्विनकडे आलं. तिशीतला, शांत, हेडफोन कधी न काढणारा माणूस. दुसऱ्या दिवशी तो लुझच्या टेबलापाशी येऊन उभा राहिला.

"मानांग, चौकटी आखल्यात, पण सगळ्या रिकाम्या आहेत. रिकामं घर बघून कोणी भाड्यानं घेत नाही. काहीतरी मजकूर द्या."

लुझने मोठ्या हौसेने मजकूर दिला. एक चौकट तर तिच्या स्वतःच्या डोक्यातली होती, 'महिन्याचा मानकरी'. मंडळात असा मान कोणाला कधी दिला जात नव्हता, पण चौकट दिसायला छान दिसत होती. तिच्यात फोटो हवा होता. आर्विनने शोधाशोध केली. बाकी सगळ्यांचे फोटो पार्ट्यांमधले, हातात ग्लास किंवा माइक घेतलेले. नीट, एकट्याचा, समोर बघणारा फोटो सापडला तो फक्त क्रिस्पुलोचा.

क्रिस्पुलो पाइपांची गळती दुरुस्त करायचा. निदान पगार तरी त्याला त्यासाठीच मिळायचा. एखाद्या गल्लीत पाइप फुटला की आधी डबकं व्हायचं, मग डबक्यात कोणाची तरी बदकं उतरायची, आणि बदकांना पिल्लं झाली की क्रिस्पुलो यायचा. माणूस वाईट नव्हता, कोणाशी उलटून बोलायचा नाही, पण आख्ख्या मंडळात त्याच्याबद्दल बोलताना लोक एकच शब्द वापरायचे, नमुना.

"नमुन्यासाठी नमुनाच बरा," आर्विन म्हणाला.

लुझने फोटोखाली लिहिलं, 'ऊन असो, वादळ असो, नागरिकांच्या हाकेला क्षणात धावून जाणारा, मंडळाची शान, आमचा क्रिस्पुलो.' वाक्य तिला इतकं आवडलं की तिने ते स्वतःशीच मोठ्याने वाचून पाहिलं.

हे पान फक्त समितीला दिसायला हवं होतं. आर्विनने एक बटण चुकीचं दाबलं आणि ते सगळ्यांना दिसू लागलं. एरवी आठवडाभर कोणाला पत्ता लागला नसता, पण तो दिवस नेमका पगाराचा होता. मंडळातला प्रत्येक माणूस पावती बघायला आला आणि दारातच त्याला क्रिस्पुलो भेटला. रोवेनाने पडद्याचा फोटो काढून फेसबुकवर टाकला आणि खाली लिहिलं, 'यावर मी काही बोलणार नाही.' त्यामुळे सगळं गाव बोलायला लागलं.

लुझला कळलं तेव्हा तिच्या हातातला चहा तसाच राहिला. ती जवळजवळ पळतच आर्विनच्या टेबलापाशी गेली.

"काढ ते. आत्ताच्या आत्ता काढ."

"काढतो की," आर्विन म्हणाला. आज त्याच्या कानांवर हेडफोन नव्हते. "पण आधी जरा खिडकीतून बघा."

फाटकाशी तीनचाकी येऊन थांबली होती आणि तिच्यातून क्रिस्पुलोची म्हातारी आई, नानाय इस्तिंग, उतरत होती. मागून भाचीने पॅन्सिटच्या नूडल्सचं परातीएवढं ताट उतरवलं. म्हातारी थेट आत आली आणि तिने लुझचे दोन्ही हात धरले.

"बाई, पोटचं पोर, पण जन्मभर मी त्याला आळशी म्हणत आले," ती म्हणाली. "त्याचा बाप गेला तोही त्याला आळशी म्हणतच गेला. तुम्ही माझे डोळे उघडलेत. खाऊन घ्या, गार होतंय."

लुझने खाल्लं. घास गिळताना तिला वाटलं, आपण खोटं गिळतोय आणि त्याला चवही चांगली आहे. तिने आर्विनकडे पाहिलं. आर्विनही खात होता.

आता साहेबांना खरं सांगण्याशिवाय गत्यंतर नव्हतं. ती पालोमारांच्या खोलीत गेली आणि दार लावून तिने घडलं ते सगळं सांगितलं. साहेबांनी पेपरवेट फिरवला.

"मानांग, तुम्हाला अर्धा तास उशीर झाला," ते म्हणाले.

"कशाला, सर?"

"रेडिओवाल्यांचा फोन येऊन गेला. एवढी सुंदर कल्पना कोणाची, म्हणून विचारत होते."

"मग?"

"तुम्ही तेव्हा समोर नव्हतात," साहेब ओशाळून म्हणाले. "मी म्हटलं, माझी. शिवाय सत्कार करणार, असंही बोलून गेलो. येत्या शनिवारी. महापौरही येतायत."

त्यानंतर गोष्टी कोणाच्या हातात राहिल्या नाहीत. क्रिस्पुलोच्या वस्तीच्या तोंडाशी भलामोठा फ्लेक्स लागला. त्यावर क्रिस्पुलो होता, महापौर होते, वस्तीचा निवडून आलेला प्रमुख, म्हणजे कॅप्टन, होता आणि कॅप्टन येती निवडणूक लढवणार असल्यामुळे त्याचाच चेहरा सगळ्यात मोठा होता. बास्केटबॉलच्या मैदानावर मांडव पडला. डुक्कर कोणी द्यायचं यावरून दोन मामांत भांडण झालं आणि शेवटी डुकरं दोन आली.

या सगळ्याहून विचित्र गोष्ट क्रिस्पुलोची झाली. तो काम करायला लागला. तक्रार आली की तासाभरात हजर. लोपेझ हेना रस्त्यावरची बाई फोन ठेवून दारात आली तर हा पाना घेऊन उभा. तिला वाटलं वसुलीला आलाय, तिने दार लावून घेतलं. भर पावसात तो गटारात उतरून जुना व्हॉल्व्ह बदलताना दिसला तेव्हा लोकांनी गाड्या थांबवून फोटो काढले. जिकडेतिकडे डबकी आटली आणि बदकांचे मालक तक्रार घेऊन मंडळात आले.

हे सगळं बघून लुझला जास्तच अपराधी वाटायला लागलं. खोट्या कौतुकावर एक माणूस खराखुरा राबत होता. कधीतरी कोणीतरी हसत हसत त्याला सांगेल, त्यापेक्षा आपण सांगितलेलं बरं, असं तिने ठरवलं. शनिवारी सत्काराआधी ती मांडवामागे गेली. डुकरं भाजणाऱ्या निखाऱ्यांपाशी क्रिस्पुलो एकटाच उभा होता, इस्त्रीच्या पांढऱ्या बारोंग सदऱ्यात, केसांना तेल लावून.

"क्रिस्पुलो, मला तुला एक सांगायचंय," ती म्हणाली. "वाईट वाटून घेऊ नकोस. ते मानकऱ्याचं जे होतं ना..."

"खोटं होतं," क्रिस्पुलो म्हणाला.

"तुला कोणी सांगितलं?"

"कोणी कशाला सांगायला हवं? नागरिकांच्या हाकेला क्षणात धावून जाणारा म्हणे. मानांग, त्या महिन्यात मी अर्धे दिवस पंपघरामागे झोपलो होतो. मला माहीत नाही का?"

"मग तू बोलला का नाहीस?"

क्रिस्पुलोने निखाऱ्यांवरची काठी उगाचच थोडी फिरवली.

"बोलणार होतो. पण घरी आलो तर आई ते वाचत होती. मोठ्यानं. शेजारच्या घराला ऐकू जाईल असं. एकदा वाचून झालं की परत पहिल्यापासून. आता तिला मधेच कसं थांबवायचं? मग म्हटलं, थांबवता येत नाही तर निदान खरं तरी करू. थोडे दिवस. पाठ मोडली, पण मजा येतेय."

समोर मांडवात आर्विन माइक तपासत होता. पहिल्या रांगेत नानाय इस्तिंग दोन्ही हात मांडीवर ठेवून, मान ताठ करून बसली होती. तिच्या शेजारी महापौर बसले होते, पण त्यांच्याकडे बघायला तिला सवड नव्हती.

"पुढच्या महिन्यात कोणाचं नाव टाकणार?" क्रिस्पुलोने विचारलं.

"अजून ठरलं नाही. देल्फिन आहे. इतकी वर्षं एक दिवस खाडा नाही त्याचा."

"छे छे. देल्फिनला कशाला? तो तसाही काम करतोच." क्रिस्पुलोने बारोंगवरची राख झटकली. "जो करत नाही त्याचं टाका. वाया जात नाही ते."

एवढ्यात त्याचं नाव पुकारलं गेलं आणि तो मंचाकडे गेला. लुझचं भाषण खिशात होतं, 'झाल्या प्रकाराबद्दल' अशी त्याची सुरुवात होती. ती मंचावर उभी राहिली, म्हातारीकडे तिने एकदा पाहिलं आणि कागद खिशातच राहू दिला. क्रिस्पुलोच्या फोटोखालचं वाक्य मात्र तिने खणखणीत आवाजात म्हटलं. या वेळी त्यात खोटं असं काही उरलं नव्हतं. टाळ्या पडल्या तेव्हा त्यातल्या काही समितीच्याही आहेत असं ती मनाशी धरून चालली.

समितीची पुढची बैठक फार लवकर आटोपली. बटणाचं नाव कोणीच काढलं नाही. रोवेना म्हणाली की बिलं विभागाला बटण नसलं तरी चालेल, पण ती मानकऱ्याची चौकट मोठी करा, आणि माझा डाव्या बाजूने फोटो चांगला येतो. देल्फिन काही बोलला नाही, पण तो केस कापून आला होता. चौकट पानाच्या मधोमध, सगळ्यात मोठी ठेवायची, असं एकमताने ठरलं. आता उरली होती फक्त सही, आणि आराखडा पालोमार साहेबांच्या खोलीत जाऊन कधीच बुडाला होता.

लुझने दोन दिवस वाट पाहिली. दोनदा आत जाऊन विचारलं, दोनदा साहेबांनी "छान आहे, बघतो" म्हटलं. शुक्रवारी संध्याकाळी ती आर्विनपाशी गेली.

"पुढच्या महिन्याचा मानकरी ठरला," ती म्हणाली. "फोटो साहेबांचा घे."

आर्विनने तिच्याकडे पाहिलं. "आणि मजकूर?"

"मजकूर मी सांगते, तू लिही," लुझ खुर्ची ओढून बसत म्हणाली. "सगळ्यांच्या आधी कार्यालयात हजर होणारे, आलेली फाइल त्याच दिवशी हातावेगळी करणारे, मंडळाची शान, आमचे एव्हारिस्तो पालोमार. आणि हे बघ, त्यांच्या बायकोलाही पाठव. सासूबाई हयात असतील तर त्यांनाही."

सोमवारी सकाळी रखवालदार कुलूप उघडायला आला तेव्हा पालोमार साहेब बाहेर पायरीवर बसले होते. मांडीवर फाइलींचा गठ्ठा होता, आणि ते मान खाली घालून भराभर सह्या करत होते.