वैनगंगा एअरवेजचे मोठेबाबा

सोमवारी सकाळी अकरा वाजता लवादाने वैनगंगा एअरवेजच्या अकराशे त्रेचाळीस कर्मचाऱ्यांना एकमेकांचे सख्खे नातेवाईक ठरवले, आणि मनुष्यबळ विभागाचे प्रमुख मनोहर खोलकुटे त्या घडीपासून या सगळ्यांचे मोठेबाबा, म्हणजे थोरले काका, झाले. निकालाची प्रत दुपारी दोन वाजता नागपूरच्या मुख्य कार्यालयात पोचली. चार वाजेपर्यंत सर्वांच्या डाव्या हाताची करंगळी खोलकुट्यांच्या घराण्यात असते तशी किंचित आत वळली होती. वैद्यकीय विभागाने त्याची नोंद घेतली, 'वैमानिकांच्या उड्डाणक्षमतेवर परिणाम नाही' असा शेरा मारला आणि फाइल बंद केली.

दोष खोलकुट्यांचाच होता. दुसऱ्या कुणी तसं म्हणायच्या आत ते स्वतःच म्हणून टाकत, म्हणजे पुढचं ऐकावं लागत नसे.

दहा महिने वाटाघाटी चालल्या होत्या. केबिनमधल्या लोकांच्या ड्यूटीचे तास कमी करा, आठवड्याची सुट्टी आयत्या वेळी रद्द करू नका, अशा एकूण सतरा मागण्या होत्या. युनियनच्या सचिव रजनी भोयर बावीस वर्षं विमानात ट्रॉली ढकलत आलेल्या. त्या दर आठवड्याला एक पत्र द्यायच्या आणि खोलकुटे दर आठवड्याला नकाराचं उत्तर द्यायचे. नकार वरून यायचा. त्याला नीटनेटके कपडे घालून खाली पाठवायचा, एवढंच खोलकुट्यांचं काम. पहिल्या उत्तराच्या तळाशी दोन इंच जागा मोकळी राहिली, कागद उघडाबोडका दिसायला लागला, म्हणून त्यांनी तिथे लिहिलं, 'शेवटी आपण सारे एकच कुटुंब आहोत.' वाक्य दिसायला बरं होतं. पुढच्या चाळीस पत्रांतही त्यांनी ते तसंच उतरवलं.

बेचाळिसाव्या आठवड्यात रजनीताईंनी ती सगळी पत्रं लवादापुढे ठेवली.

"आमच्या सतराही मागण्या आम्ही मागे घेऊन राहिलो," त्या म्हणाल्या. "खोलकुटे साहेबांनी एकेचाळीस वेळा जे लिहून दिलं, तेवढं फक्त लागू करा."

व्यवस्थापनाची ना नव्हती. कार्यकारी संचालक देशकर यांनी तर खोलकुट्यांना केबिनमध्ये बोलावून शाल आणि नारळ दिला. सतरा मागण्या एका वाक्यात कापणारा माणूस आपण प्रथमच पाहतो आहोत, असं ते म्हणाले. खोलकुट्यांना तेव्हा बरं वाटलं होतं. ही गोष्टही ते पुढे न विचारता सगळ्यांना सांगत.

नाती सेवाज्येष्ठतेप्रमाणे लावली गेली. खोलकुटे एकतीस वर्षं नोकरीत, म्हणून ते सगळ्यांत थोरले. देशकर मुंबईहून गेल्या मार्चमध्ये आलेले, म्हणून ते सगळ्यांत धाकटे पुतणे. रोज सकाळी खोलकुट्यांना झापायला बोलावलं की देशकर आधी खुर्चीवरून उठून त्यांच्या पाया पडत, खोलकुटे 'आयुष्मान भव' म्हणत, आणि मग झापणं सुरू होई.

पहिला खोळंबा बुधवारी झाला. कॅप्टन भुसारी यांनी पुण्याचं विमान न्यायला नकार दिला. कारण विचारायला घरी फोन लावला. तो त्यांच्या पत्नीने उचलला आणि सांगितलं, "त्यांना फक्त मोबाइलवर मेसेज आला जी. घरातल्या कार्याला असं कोणी बोलावते का?" बरोबर होतं. त्या दिवसापासून ड्यूटीचा तक्ता लावणं बंद झालं आणि खोलकुटे तबकात कुंकू नि अक्षता घेऊन वैमानिकांच्या दारोदार हिंडू लागले. "उद्या सकाळी सहा चाळीसला रायपूर आहे. यायचं बरं का, सहकुटुंब," असं ते म्हणत. सवयीने तोंडून गेलेलं 'सहकुटुंब' काही वैमानिकांनी शब्दशः घेतलं, त्यामुळे कॉकपिटमध्ये दोन जास्तीच्या खुर्च्या टाकाव्या लागल्या.

प्रवासी हे पाहुणे ठरले. पाहुण्याला उपाशी सोडायचं नसतं, आणि तो उठला की लगेच जाऊ द्यायचं नसतं. विमान उतरल्यावर दारात आग्रह सुरू व्हायचा. एक पाटवडी तरी घ्या, असं कसं तोंड फिरवून निघाले, पुन्हा कधी येता. नागपूर-पुणे प्रवास सव्वा तासाचा, दारातला निरोप पाऊण तासाचा. तक्रार एकच आली. एका गृहस्थाला शेजारच्या रांगेपेक्षा कमी आग्रह झाला होता.

एवढं होऊनही कंपनी चालली. ड्यूटीचे तास आपोआप कमी झाले, कारण दमलेल्या पुतणीला पुन्हा कामाला जुंपायला कुठल्या मोठ्याबाबांची जीभ उचलेल? सुट्टी मागायचीही गरज उरली नाही. माणसं दारातून डोकावून "माहेरी जाऊन येते" म्हणत आणि जात. रजनीताईंनी सतरा मागण्यांवर एकेक करून बरोबरची खूण केली आणि कागद पर्समध्ये ठेवून दिला.

पण देशकरांच्या टेबलावर आधीपासून एक यादी होती. त्यात नव्वद नावं होती. ही नव्वद माणसं कमी करायची, असं वरून ठरलेलं होतं आणि ते लवादाच्या निकालाने बदललं नव्हतं.

"मोठेबाबा," पाया पडून झाल्यावर देशकर म्हणाले, "ही नव्वद पत्रं शुक्रवारपर्यंत काढायची."

"कुटुंबातून माणूस कसा काढणार?" खोलकुटे म्हणाले. हे त्यांचं एकतीस वर्षांतलं सर्वांत धाडसी वाक्य होतं, आणि तेही त्यांनी खाली मान घालून म्हटलं.

"विधी विभागाने त्याचा विचार केलाय. कुटुंबातून माणूस काढता येत नाही, पण तो जाऊ शकतो. नव्वद जण दिवंगत झाल्याची नोंद करायची. छापील नमुना आहे. तुम्ही कर्ते, तुमची सही लागेल."

खोलकुट्यांनी नव्वद कोरे नमुने घरी नेले. त्यांच्या पत्नी सुमतीबाई निकालापासून अकराशे बेचाळीस जणांच्या मोठीआई झाल्या होत्या आणि हे नातं त्यांनी मनावर घेतलं होतं. जेवणाच्या टेबलावर त्यांनी यादी वाचली.

"ही वर्षा पाटणकर, सामानाच्या पट्ट्यावरची. हिचं बाळंतपण पुढच्या महिन्यात आहे. अन् हा जिभकाटे, याने आपला नळ दुरुस्त करून दिला. यांना मारून राहिले तुम्ही?"

"मी कुठे मारतो? मी सही करतो."

"आजवर कोणत्या कागदावर नाही म्हटलं तुम्ही?"

खोलकुट्यांनी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. एकही कागद आठवला नाही. नाही म्हणायचं काम त्यांनी आयुष्यभर केलं होतं, पण ते नेहमी खालच्या लोकांना. त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि लाज वाटूनही ते शुक्रवारी सकाळी वेळेवर ऑफिसात गेले, टेबलाशी बसले आणि पहिला नमुना पुढे ओढला.

त्यानंतर जे झालं ते हिमतीने झालं असं म्हणायला ते तयार नसतात. एकतीस वर्षांत हजारो कागद भरलेल्या माणसाचा हात पहिल्या रिकाम्या चौकटीत आपसूक स्वतःचं नाव लिहितो. 'नाव' या शब्दापुढे त्यांनी 'मनोहर गणपतराव खोलकुटे' लिहिलं, हुद्दा लिहिला, खाली सही केली, शिक्का मारला. त्या चौकटीत दिवंगताचं नाव हवं होतं, हे आवक-जावक विभागाने पोच दिल्यावर लक्षात आलं. चूक दुरुस्त करता आली असती. पण दुरुस्तीवर मनुष्यबळ प्रमुखांची सही लागते, आणि मनुष्यबळ प्रमुख सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी वारले होते.

उरलेले एकोणनव्वद नमुने तसेच राहिले. नवा कर्ता तेराव्यानंतरच नेमता येणार होता. देशकर म्हणाले, हरकत नाही, नवा सही करेल. मग त्यांच्या ध्यानात आलं की घरात मृत्यू झाला आहे आणि सगळ्यांना सूतक लागलं आहे. सुतकात वैमानिक विमानाला शिवेनात, स्वयंपाकघरात चूल पेटेना. रोजची सव्वीस उड्डाणं थांबली. दहाव्याला कावळा शिवल्याखेरीज एकही विमान हलणार नाही, असं संचालन विभागाने लेखी कळवलं.

पुढचे दिवस माणसं सुमतीबाईंना भेटायला येत होती. खोलकुटे कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून असत. मेलेल्या माणसाशी बोलायची रीत नसल्याने त्यांच्याशी कुणी बोलत नसे, त्यांच्याविषयी बोलत.

"माणूस वाईट नव्हता," कॅप्टन भुसारी डोळे पुसत म्हणाले.

"वाईट कुठून असणार," रजनीताई म्हणाल्या. "फक्त आमच्या बाजूनं कधी तोंड उघडलं नाही त्यांनी. उघडलं असतं तर किती बरं झालं असतं."

नीट ऐकू यावं म्हणून खोलकुट्यांनी खुर्ची जरा पुढे ओढली. निवृत्तीच्या समारंभात असं खरं कुणीच बोललं नसतं.

दहाव्या दिवशी कन्हान नदीच्या घाटावर सगळे जमले. क्रियेला घरातलं कुणी पुढे येईना, म्हणून धाकटे पुतणे देशकर यांनाच बसवलं. त्यांनी मुंडण केलं. टाळूवर ऊन लागत होतं, फोन वाजत होता, विमानतळावर सगळी विमानं तोंडं वर करून उभी होती. पिंड मांडला. समोरच्या बाभळीवर एक कावळा येऊन बसला आणि बसूनच राहिला.

"काही इच्छा राहिली असेल," गुरुजी म्हणाले. "सांगा त्यांना, पुरी करू म्हणून."

"प्रशिक्षण कक्षाला त्यांचं नाव देऊ," देशकर म्हणाले. कावळा हलला नाही. "स्वागतकक्षात मोठा फोटो लावू. हार रोज बदलू." कावळ्याने पंखात चोच खुपसली.

देशकरांनी हळूच दर्भाचा कावळा करून शिवून घेण्याविषयी विचारलं. तशी सोय शास्त्रात आहे, असं गुरुजी म्हणाले.

"कंत्राटी कावळा युनियनला मान्य नाही," रजनीताई म्हणाल्या.

देशकर वळले. मोठेबाबा तिसऱ्या रांगेत, चपला हातात घेऊन उभे होते. "मोठेबाबा, काय पाहिजे तुम्हाला? सांगून टाका ना!"

"मृताला विचारता येत नाही," गुरुजी म्हणाले. "तिकडे बघून बोला."

खोलकुट्यांना सांगायचं होतं. नव्वद नावं त्यांना तोंडपाठ झाली होती. एकतीस वर्षं बोलायची मुभा होती तेव्हा ते गप्प बसले, आणि आता शब्द ओठांवर आले तर अधिकार कावळ्याकडे गेलेला.

देशकरांनी बाभळीकडे पाहिलं. "बरं. नव्वदपैकी चाळीस ठेवतो."

कावळा एक फांदी खाली उतरला. लोकांत कुजबुज झाली.

"साठ." आणखी एक फांदी. "सत्तर. पंच्याहत्तर, आणि याहून जास्त मला अधिकार नाही." कावळा पुन्हा वरच्या फांदीवर गेला. अशा वाटाघाटी सव्वा तास चालल्या. विमानतळावरून दर पाच मिनिटांनी विचारणा होत होती. शेवटी देशकरांनी टाळूवरचा घाम पुसला आणि जोरात म्हटलं, "कुणालाही काढणार नाही! एकालाही नाही!"

कावळा जमिनीवर आला. पिंडापासून दोन हातांवर थांबला आणि मान तिरकी करून देशकरांकडे पाहत राहिला.

"आता काय?" देशकर रडकुंडीला आले.

"लिहून मागून राहिला तो," रजनीताई म्हणाल्या.

पत्रावळीचं एक पान आणि गुरुजींचं पेन मिळालं. देशकरांनी मांडीवर धरून लिहिलं, सही केली, तारीख घातली, पान पिंडाशेजारी ठेवून वर खडा ठेवला. कावळ्याने ते वरपासून खालपर्यंत पाहिलं. तारखेपाशी जरा जास्त वेळ घेतला. मग पिंडाला चोच लावली. दुपारचे बारा वाजून पन्नास मिनिटं झाली होती. रजनीताईंनी फोन करून उड्डाणं सोडायला सांगितलं, आणि पान उचलून पर्समध्ये ठेवलं.

मोठेबाबांना रडू आलं. आपलं म्हणणं कुणीतरी पहिल्यांदाच शेवटपर्यंत रेटलं होतं. स्वतःला ते जमलं नाही, हेही त्यांनी मनात नोंदवून ठेवलं.

घाटावरून परतताना मागे वळून बघायचं नसतं. अकराशे बेचाळीस माणसं तोंड फिरवून चढ चढू लागली. कुणीही वळलं नाही. रीत ठाऊक असूनही मोठेबाबांना ते लागलं. सुमतीबाई सगळ्यांच्या शेवटी होत्या. त्याही वळल्या नाहीत. समोर बघतच, त्यांच्या कानापर्यंत जाईल एवढ्याच आवाजात म्हणाल्या, "तुम्ही मागच्या ऑटोनं या. फार वेळ लावू नका, गोळाभात थंडा होते."

ऑटो अर्ध्या तासाने मिळाला. ऑटोवाल्याने आरशातून त्यांच्याकडे पाहिलं.

"घाटावर एकटेच आले होते का जी?"

"नाही," मोठेबाबा म्हणाले. "सगळे होते. पुढे गेले."