कवळीचा कैवार

वृद्ध माणसाला आवाज असतो, परंतु तो योग्य ठिकाणी पोहोचण्यासाठी दुसऱ्या कोणाचं तरी तोंड लागतं, हे तत्त्व आता सर्वमान्य आहे. (वृद्धांना विचारलेलं नाही, पण त्यांचा विरोध कुठे नोंदलेलाही नाही.) याच उदात्त तत्त्वावर त्या वृद्धनिवासात कैवार कक्ष उघडण्यात आला. जागा जिन्याखाली, आणि आत शिरायला उंच पायरी. चाकाच्या खुर्चीला ती चढता येत नाही, त्यामुळे पहिल्याच वर्षी तक्रारींत लक्षणीय घट झाली.

कक्षाचा खरा लाभ मिळाला तो घोषणाबाईंना. बाईंची उभी हयात बसस्थानकावर घोषणा करण्यात गेलेली. गाडी कुठली, कुठे लागली, उशीर किती, हे त्या असं खणखणीत सांगत की डुलक्या काढणारा माणूसही बरोबर आपल्याच गाडीत जाऊन बसे. खोड काही गेली नव्हती. "जेवण नेहमीप्रमाणे उशिरा येत आहे. गैरसोयीबद्दल कोणीही दिलगीर नाही," असं त्या भोजनगृहात जाहीर करायच्या आणि सगळी म्हातारी मंडळी खुदुखुदु हसायची. व्यवस्थापकसाहेब सोडून.

एका सकाळी धुवायला नेलेल्या कवळ्यांची अदलाबदल झाली. बाईंना शेजारच्या खोलीतल्या घड्याळवाल्या आजोबांचे दात आले, आजोबांना बाईंचे. बाईंच्या तोंडात ती कवळी मावेना, आजोबांच्या तोंडात ती ठरेना. दोघं व्हरांड्यात भेटले, एकमेकांकडे बघून हसले आणि आपापली वस्तू परत घेणार, तेवढ्यात परिचारिका धावत आली.

"अहो, थांबा थांबा! असं परस्पर नाही करायचं. तुम्हाला हक्क आहेत!"

"हक्क राहू देत गं बाई," बाई म्हणाल्या, "दात दे."

पण हक्क असे सोडता येत नाहीत. दोघांना एकेक अधिकृत कैवारी नेमून देण्यात आला. बाईंचा कैवारी मोठा गुणी मुलगा. बोलण्याआधी छातीवर हात ठेवायचा आणि बाईंचं वाक्य अर्ध्यातच ओळखायचा. (पूर्ण वाक्य ऐकण्याची त्याला कधीच गरज पडली नाही.) एकाच कवळीच्या प्रश्नातले दोन पक्ष म्हणून बाईंना आणि आजोबांना एकमेकांशी बोलायला मनाई झाली. दोन्ही कवळ्या पुरावा म्हणून कपाटात गेल्या, दोन्ही बाजूंना मान्य होईल अशा कोमट पाण्यात.

आता दातांवाचून बाईंचं बोलणं कळेना. बोलणं कळेना म्हणून कैवारी अत्यावश्यक झाला. कैवारी असल्याने प्रकरण चालू राहिलं, आणि प्रकरण चालू आहे तोवर दात कसे देणार? इतकी स्वयंपूर्ण योजना क्वचितच पाहायला मिळते. समाधान पाहणीत शंभर टक्के लाभार्थ्यांनी जोरजोरात मान हलवली. (कोणत्या दिशेने, हे विचारलेलं नव्हतं.)

पुढचं ओघानेच आलं. स्वतःचं म्हणणं स्वतः सांगता न येणाऱ्यांची सोय वरच्या मजल्यावर केली जाते. तिथे पलंगाशी घंटा नसते, कारण तिथून कधी तक्रार आलेली नाही. वर गेलेलं माणूस पुन्हा भोजनगृहात दिसलेलं नाही. आता तिथे जाणाऱ्यांत बाईंचं नाव निघालं. न्हाणीघराचं दार लावून त्यांनी एक घोषणा करून पाहिली, तर नुसता वारा. मग नळ सोडून त्या पोटभर रडल्या.

निर्णयाच्या दिवशी बाईंचा मुलगा कामावरून रजा काढून आला. टेबलाभोवती व्यवस्थापक, दोन्ही कैवारी, दोन्ही म्हातारी माणसं, आणि मध्ये दोन वाट्यांत दोन कवळ्या. कोणती कोणाची, यावर कैवाऱ्यांची जुंपली. आजोबांनी बाईंना डोळा मारला. दोघांनी हात घातला, आपापली उचलली आणि बसवली. खट्.

"इकडे लक्ष द्या," बाई म्हणाल्या. "मी वरच्या मजल्यावर जाणार नाही. मला माझी खोली हवी, माझी खिडकी हवी, आणि माझं मी बोलेन. धन्यवाद."

आवाज इतका लख्ख होता की बाहेर व्हरांड्यात दोघातिघांनी आपल्या पिशव्या उचलल्या.

मग व्यवस्थापक प्रेमाने म्हणाले, "आजी, मध्ये बोलू नका हं. तुमचंच चाललंय."

मुलगा कैवाऱ्याकडे वळला. "आईचं म्हणणं नेमकं काय आहे?"

कैवाऱ्याने छातीवर हात ठेवला. "त्यांना शांतता हवी आहे. वर शांतता आहे."

ठराव एकमताने मंजूर झाला. बाईंचं सामान दुपारीच वर गेलं. कैवाऱ्याने स्वतः पिशवी उचलली, हेही नमूद केलं पाहिजे.

मुलाला मात्र बोल लावू नका. आईवर त्याचा फार जीव आहे, तुमचा तुमच्या आईवर आहे तितकाच. मागे तुम्ही तिला दवाखान्यात घेऊन गेला होतात. डॉक्टरांनी तिच्याकडे बघून विचारलं, "आजी, कुठे दुखतंय?" आणि तुम्ही चटकन सांगितलंत, "गुडघा."

आठवून बघा. तिने तोंड उघडलंच होतं.